अकरा अस्वलं

परवा दादाकडे गेले होते. चहा होईपर्यंत वहिनीशी गप्पा मारत स्वयंपाकघरात उभी होते, तर ओट्यावरच्या फळीवर नजर गेली. तिथे ओळीने अस्वलं बसलेली. मोजली तर अकरा! प्लॅस्टिकची, वीतभर उंच, पोट पारदर्शक आणि डोक्यावर लाल टोपी. टोपी हेच झाकण. सगळी एकजात हसत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"अगं, ह्याच्या गोळ्यांच्या बाटल्या. टाकवत नाहीत. इतकी गोड आहेत. आणि मागे बघ, लिहिलंय, गोळ्या संपल्या की गल्ला करा."

मी एक उचलून पाहिली. खरंच होतं. पाठीवर नाणं टाकायची रेघ आखलेली, मोठ्यांनी सुरीने कापून द्यावी अशी सूचना, आणि खाली 'सगळी मित्रमंडळी जमवा' असं काहीसं. मित्रमंडळी म्हणजे निळ्या टोपीचं, हिरव्या टोपीचं वगैरे. दादाच्या नातवाला मात्र काही केल्या लालच मिळतं. म्हणून अकरा.

तेवढ्यात दादा आलाच. तो रोज संध्याकाळी नातवाला घेऊन फिरायला जातो आणि येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि भाचेसुनेला अजिबात पसंत नाही. (ती हे वाचते, त्यामुळे जास्त लिहीत नाही.) दादा म्हणाला, "ह्याला म्हणतात डोकं! रिकामी बाटली कचऱ्यात जायच्या ऐवजी पोराच्या हातात. मागे प्लॅस्टिकवर एवढं लांबलचक लिहिलं होतंस ना, मग हे चांगलं नाही का?"

मी म्हटलं, "अकरा गल्ले कशाला लागतात रे एका पोराला? एवढी नाणी तरी आहेत का आता कुणाकडे?"

दादा हसला. विषय तिथेच संपला. पण माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याचं म्हणणं वरवर बघता बरोबर होतं आणि तरी मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. अशा वेळी मी लिहायला बसते, हे तुम्हाला आता सवयीने माहीत आहेच.

येताना वहिनीने एक अस्वल माझ्या पिशवीत टाकलं होतं. घरी आल्यावर काट्यावर ठेवलं. रिकामं अस्वल सेहेचाळीस ग्रॅम. लेबलावर गोळ्यांचं वजन पंचवीस ग्रॅम. म्हणजे आपण विकत आणतो ते अस्वल, गोळ्या नुसत्या तोंडी लावायला.

आता ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९०२ साली नाबिस्को कंपनीने 'बार्नम्स ॲनिमल्स' नावाची प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं काढली. त्यांचं खोकं सर्कशीच्या गाडीसारखं रंगवलेलं, पिंजरे, आत वाघसिंह, आणि वर एक दोरी. दोरी होती नाताळच्या झाडाला खोकं टांगता यावं म्हणून. पण मुलांच्या दृष्टीने दोरी म्हणजे दोरी. बिस्किटं संपली की ती पिशवीसारखी मिरवायला किंवा गाडीसारखी ओढायला. नाताळ गेला, दोरी राहिली. ह्या खोक्यावरचे प्राणी शंभराहून जास्त वर्षं पिंजऱ्यात होते. प्राणिमित्र संघटनेने पत्र लिहिल्यावर २०१८ साली कंपनीने ते बाहेर काढले. आता ते मोकळ्या माळावर उभे असतात.

इंग्लंडात त्याच्याही आधीपासून हंटले अँड पामर्स ही रेडिंग गावची बिस्किटवाली मंडळी सणासुदीला नाना आकारांचे पत्र्याचे डबे काढत. १९०१ सालचा एक डबा तर चामड्याच्या पट्ट्याने बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखा आहे. मी फोटोच पाहिलाय, पण तो फोटो बघूनसुद्धा हात शिवशिवतात. पुढे बिस्किटवाल्यांचे मोटारींचे, बसगाड्यांचे डबेही निघाले. चाकं फिरायची त्यांची. ते अर्थात ज्यांना परवडायचं त्यांच्यासाठी.

ह्या सगळ्यांत मला मनापासून आवडलेली गोष्ट मात्र पिठाच्या पोत्यांची आहे.

एके काळी अमेरिकेत पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य हे सगळं सुती कापडाच्या पोत्यांतून यायचं. खेड्यांतल्या बायका ती पोती उसवून, धुऊन, त्यांचे झबले, परकर, उशांचे अभ्रे शिवायच्या. आपल्याकडे आईच्या पिढीने मैद्याच्या पोत्यांच्या पिशव्या आणि पायपुसणी शिवली, तसंच. कंपनीचं नाव काही केल्या निघायचं नाही, मग कुणाच्या तरी चड्डीवर मागच्या बाजूला गिरणीचा शिक्का! हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं. १९२५ च्या सुमारास सेंट लुईसच्या एका गिरणीने चौकड्यांच्या कापडात पीठ भरून विकायला सुरुवात केली. मग बाकीचे मागे कशाला राहतील? फुलाफुलांची पोती आली. कंपनीचं नाव धुतल्यावर निघेल अशा शाईने छापायला लागले, ती शाई कशी काढायची ते पोत्यावरच लिहायला लागले. आणि काही पोत्यांवर बाहुल्या छापल्या. एक पुढची बाजू, एक पाठ. कापायची, कडेने शिवायची, आत चिंध्या भरायच्या. मंदीचे दिवस होते, बाजारातली बाहुली आणणं कित्येक घरांत शक्यच नव्हतं. पीठ तर लागणारच होतं. पिठाबरोबर बाहुली आली.

गिरणीवाले काही संत नव्हते. एका झग्याला साधारण तीन पोती लागायची आणि तिन्ही एकाच नक्षीची हवीत, म्हणून बायका नवऱ्यांना बजावून पाठवायच्या, नाहीतर नमुना घेऊन स्वतः जायच्या. गिरणीवाल्याला तेच हवं होतं. तेव्हा 'सगळी मित्रमंडळी जमवा' हे तेव्हाही होतंच. दादाने हा मुद्दा काढायच्या आत मीच काढते.

पण फरक मला दिसतो तो असा. पोतं पिठासाठी होतं. बाहुली छापली नसती तरी तेवढंच कापड लागलं असतं. बाहुलीसाठी लागली ती फक्त शाई. माझं अस्वल मात्र बाहुलीसारखं दिसावं म्हणूनच सेहेचाळीस ग्रॅमचं झालंय. त्याच पंचवीस ग्रॅम गोळ्या कागदाच्या पुडीत मावल्या असत्या, आमच्या लहानपणी मावायच्याच. म्हणजे आधी कचरा वाढवायचा, मग तो कचरा नाही, खेळणं आहे म्हणायचं, आणि वर शाबासकी घ्यायची. हे मला त्या दिवशी दादाला सांगता आलं नव्हतं.

ह्याच मापाने बघितलं तर खाऊच्या खोक्याच्या मागच्या बाजूला सापशिडी छापणं किंवा कापून घ्यायचा मुखवटा छापणं (अमेरिकेतल्या सीरियलच्या खोक्यांवर हे कित्येक वर्षं चाललं) ह्याला माझी काहीच हरकत नाही. खोकं तेवढंच, पुठ्ठा तेवढाच. एका खोक्यात खेळ पुरा होतो, दुसरं आणायची गरज नाही.

उलट बाजूला 'वाय वॉटर' बघा. २००८ च्या सुमारास अमेरिकेत लहान मुलांसाठी हे कमी साखरेचं पेय आलं होतं. बाटली ईव बेहार ह्या मोठ्या डिझायनरने केलेली, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची. पाणी पिऊन झालं की बाटल्या रबरी जोडांनी एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून काय वाटेल ते उभं करायचं. जोडांचं नाव 'वाय नॉट'. सुंदर होती बाटली, खोटं कशाला बोलू? डिझाइनच्या जगात तिचं फार कौतुक झालं. पण जरा हिशोब करा. एका बाटलीचं काय होतं? काहीच नाही. दोन जोडल्या तर एक वाकडं काहीतरी. बघण्यासारखं काही करायचं तर दहाबारा हव्यात. म्हणजे तहान लागली म्हणून पाणी प्यायचं नाही, हत्तीचा चौथा पाय राहिलाय म्हणून प्यायचं.

कोका-कोलाने २०१४ साली व्हिएतनाममध्ये केलेला प्रयोग मला त्या मानाने जास्त हुशारीचा वाटला. त्यांनी बाटलीला हातच लावला नाही, फक्त सोळा प्रकारची झाकणं काढली. नेहमीची रिकामी बाटली घ्यायची, त्यावर झाकण बसवायचं, की झाली पाण्याची पिचकारी, साबणाचे फुगे, रंगाचा ब्रश, पेन्सिलीचं शार्पनर. जी बाटली कचऱ्यात जाणारच होती तीच वापरायची, हे मला मान्य. फक्त वाटली ती झाकणं चाळीस हजार. त्या कंपनीच्या बाटल्यांच्या ढिगापुढे चाळीस हजार म्हणजे ताटातली चटणीसुद्धा नाही. पण जाहिरात जगभर पोचली, अगदी माझ्यापर्यंत.

आणि किंडर जॉय? त्याच्याबद्दल लिहिलं नाही तर सगळे आईबाप मला माफ करणार नाहीत. पण त्यात खेळणं वेगळं आणि वेष्टन वेगळं, म्हणजे विषय जरा बाजूचा आहे. वीस ग्रॅमचा खाऊ, अर्ध्या अंड्यात गोड, अर्ध्यात खेळणं. २०११ पासून आपल्या बारामतीत फरेरोचा कारखाना आहे. ह्याचं थोरलं भावंड, चॉकलेटच्या अंड्यातच खेळण्याची कुपी असलेलं, ते अमेरिकेत विकायला बंदी आहे. १९३८ च्या त्यांच्या कायद्यात खाण्याच्या आत न खाण्याची वस्तू चालत नाही. दोन अर्धी वेगळी केलेलं जॉय चालतं. लहान मूल तोंडात काय घालेल ह्याचा नेम नसतो, त्यामुळे कायदा कडक असलेला बराच. असो.

मला खरं बोलायचंय ते गोटी सोड्याबद्दल.

ती जाड हिरवट काचेची, मानेत चिमटा काढल्यासारखी दबलेली बाटली आठवते ना? ती खेळण्यासाठी कुणी केली नव्हती. हिराम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. वायू भरलेल्या पाण्याला बूच टिकत नव्हतं, उडून जायचं. त्याने मानेत काचेची गोटी ठेवली आणि तोंडाशी रबराची कडी. आतल्या वायूचा दाब गोटीला वर रेटतो, गोटी रबराला चिकटून बसते. म्हणजे जो पळून जायला बघतोय त्यालाच दाराशी पहारेकरी नेमला. अंगठ्याने दाबली की फस्स! आणि ओतताना ती गोटी मानेतल्या खाचेत अडकून बसावी म्हणून तो चिमटा.

पण मुलांना ह्यातलं काय दिसलं? गोटी! इंग्लंडातल्या मुलांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, आपल्याकडच्यांनी फोडल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडावाला होता. बाटली त्याच्या समोर प्यायची आणि परत द्यायची. त्याची नजर चुकवून बाटली घेऊन पळणं ही आमच्याकडे मोठी मर्दुमकी. मला ते कधी जमलं नाही, दादाला दोनदा जमलं. फुटलेल्या बाटलीतली ती गोटी साध्या गोट्यांपेक्षा जड, हिरवट, आत एखादा बुडबुडा. दोन साध्या गोट्यांना एक सोड्याची असा भाव होता. जपानमध्ये अशाच बाटलीतलं रामुने नावाचं पेय अजून मिळतं, आणि तिकडे काही बाटल्यांचं तोंडाचं प्लॅस्टिक आता फिरवून काढता येतं, म्हणजे गोटी न फोडता हातात. दीडशे वर्षांत कुणाला तरी पोरांची दया आली म्हणायची. पण मला वाटतं, न फोडता मिळालेल्या गोटीची किंमत आमच्या गल्लीत एकास एकच राहिली असती.

ही गोटी, पत्र्याचे बिल्ले (दगडाने ठोकून सपाट करायचे, मधे दोन भोकं पाडायची, दोरा ओवून ओढायचा, गुंईऽऽ गुंईऽऽ), पॉलिशच्या डबीच्या झाकणांचा तराजू, ह्या सगळ्यांत बनवणाऱ्याला पत्ताच नव्हता की आपण खेळणं बनवतोय. ते आम्ही ठरवलं. तराजू आज तराजू, उद्या झाकण जमिनीवर घरंगळवायचं. अस्वल मात्र अस्वलच. हसरं. त्याचं जे काही व्हायचं ते कारखान्यातच ठरून आलंय, वर गल्ला व्हायचंय हेही ठरलंय. दादाच्या नातवाला मी प्रत्यक्ष बघितलंय. नवं अस्वल आलं की पहिली दहा मिनिटं गोळ्या, पुढची दोन मिनिटं अस्वल, मग ते फळीवर. आणि गेल्या महिन्यात त्यांच्याकडे नवा मिक्सर आला, त्याचं खोकं तीन दिवस दिवाणखान्यात होतं. आधी घर, मग बस, मग दुकान, मग त्यात बसून पठ्ठ्या जेवला.

ज्यांनी ह्या गोष्टीचं शास्त्र केलं ते अरविंद गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते. आयआयटी कानपूरचे इंजिनियर. १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या ह्यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. २०१८ साली पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांच्या पद्धतीने माझ्या लेकीने लहानपणी केलेली स्ट्रॉची पिपाणी मी विसरणार नाही. स्ट्रॉचं टोक चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं. वाजायला लागली की फुंकता फुंकताच दुसऱ्या टोकाने कात्रीने कापत जायचं, सूर चढत चढत जातो आणि शेवटी कात्री नाकाशी येते! मुलांना आवाज का चढतो हे समजावून सांगावं लागत नाही. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली ते योग्यच झालं, पण कागदी स्ट्रॉची पिपाणी दोन फुंकरींत मऊ पडते, एवढं एक दुःख आहे माझं.

इथपर्यंत लिहून झालं होतं. स्वतःवर खूश होते. म्हटलं टाकण्याआधी दादाला वाचून दाखवावं, नाहीतर म्हणेल माझ्या पाठीमागे लिहिलंस. फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलला नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

मग म्हणाला, "बाबांची ट्रक विसरलीस का लिहायला?"

विसरले नव्हते. शेवटासाठी राखून ठेवली होती. बाबांनी दादाला डालड्याच्या पत्र्याची ट्रक केली होती. पिवळा पत्रा, दारावर अर्धं हिरवं माडाचं झाड. चाकं जुन्या रबरी चपलेची, आस छत्रीच्या काडीचा. पोस्टातून आल्यावर चार रात्री बाबा कंदिलाशी बसून पत्रा कापत होते आणि आई 'डोळे जातील' म्हणत होती. मी तेव्हा चारपाच वर्षांची असेन. मला ती ट्रक जगातली सगळ्यात सुंदर वस्तू वाटायची. आणि माझ्या लेखाचा शेवट मी तिच्यावरच करणार होते, हे दादाने बरोबर ओळखलं.

"मला ती नको होती गं," दादा म्हणाला. "मला किल्लीची मोटार हवी होती. शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाकडे होती तशी. लाल. मी महिनाभर मागत होतो. बाबांनी ट्रक आणून ठेवली तेव्हा मला रडू आलं होतं. मागच्या अंगणात जाऊन रडलो. मग त्यांनी रात्री जागून केलीय म्हणून रोज ती ओढत फिरायचो, त्यांना दिसेल असं. डॉक्टरांच्या मुलासमोर नाही न्यायचो."

मी काही बोलले नाही.

"आणि बोट कापलं होतं माझं त्या पत्र्याने. इंजेक्शन घ्यायला लागलं होतं. ते तू लिहिणार नव्हतीस."

खरंच लिहिणार नव्हते. मला आठवतच नव्हतं. मला आठवत होता कंदील, आणि ते अर्धं झाड. ट्रक माझी नव्हती ना! मला ती नुसती बघायची होती.

मग तो म्हणाला, "पोरगं दुकानात बोट दाखवतं तेव्हा मला नाही म्हणवत नाही. तुझं सगळं पटतं. पण नाही म्हणवत नाही."

ह्यावर मला काय म्हणायचंय ते मला दोन दिवस झाले तरी नीट ठरवता आलेलं नाही. माझा पिठाचा आणि अस्वलाचा हिशोब चुकीचा आहे असं मला अजून वाटत नाही. सेहेचाळीस ग्रॅम ते सेहेचाळीस ग्रॅमच. कारखान्यात बसून अस्वल काढणाऱ्याने माझ्या दादाच्या मनात काय आहे हे बघितलेलं नाही, त्याने फक्त हे हेरलंय की दुकानात बोट दाखवणारं पोर आणि 'नाही' न म्हणवणारं माणूस अशी जोडी रोज संध्याकाळी येते. त्याचा मला राग येतोच. पण 'आमच्या वेळी बघा कसं आम्ही कचऱ्यातून खेळणी करायचो' हे जे मी दर वेळी ऐटीत सांगते, त्यात आमच्यापैकी किती जणांना दुसरं काही मिळणार होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. अगदी सख्ख्या भावालाही. पोत्याच्या बाहुलीशी खेळणाऱ्या त्या अमेरिकन मुलींनाही दुकानाच्या काचेआडची बाहुली हवी असणारच. त्यांना आता कुठे विचारणार?

दादाला फोन ठेवताना एवढंच म्हटलं की मग एकदा किल्लीची लाल मोटारच आणून दे की त्याला, एक घेतलीस की वर्षभर चालेल, अकरा अस्वलांच्या पैशांत सहज येईल. त्यावर तो म्हणाला, "आणली. मागच्याच आठवड्यात. बॅटरीवरची आहे, किल्लीची आता कुठे मिळते? पोरगं दोन दिवस खेळलं." थोडं थांबून म्हणाला, "आता मीच चालवतो. दुपारी तो शाळेत गेला की."

ट्रकचं पुढे काय झालं, ते दोघांनाही आठवेना. आईने वाडा सोडताना भंगारवाल्याला दिली असावी असं दादा म्हणतो. मला वाटतं तिची चाकं काढून बाबांनी आईच्या शिवणाच्या पेटीला लावली होती. काकूला विचारायला हवं. काकू, तुम्हाला कुणी हे वाचून दाखवलं तर फोन करा.

माझ्याकडचं अस्वल सध्या ओट्यावर आहे. त्यात मेथीदाणे भरलेत. टोपी जरा घट्ट बसते, उघडताना एकदा सगळे सांडले.